फाटकावरचा निस्तार

पूर्वीच्या मध्यप्रांताच्या जमाबंदीचे दफ्तर ज्यांनी कधी चाळले असेल, त्यांना 'निस्तार' हा शब्द नवा नसेल. चुलीपुरते सरपण, घर शाकारण्यापुरते गवत, टोपल्या-सुपांसाठी बांबू, नांगराला लागणारे लाकूड आणि गुरांना चराई, अशा ज्या जिनसांवाचून गावाचा संसार चालत नाही, त्या जवळच्या रानातून व पडीत जमिनीतून घेण्याची जी पिढीजात वहिवाट, तिला निस्तार म्हणत. आणि ही वहिवाट मालगुजाराच्या मर्जीवर किंवा अंमलदाराच्या लहरीवर अवलंबून राहू नये म्हणून ती गावोगावच्या निस्तारपत्रकात आणि 'वाजिब-उल-अर्ज' या भारदस्त नावाच्या कागदात नोंदविली जात असे. त्या नोंदी सदैव पाळल्या गेल्या, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु नोंद असली म्हणजे तंटा करायला निदान आधार असतो, आणि गरिबाच्या हाती तेवढाच आधार पुष्कळदा उरतो. मालगुजारी गेली, प्रांत मोडले, चांदा जिल्ह्याचा चंद्रपूर झाला. तरी निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही कागद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यामध्ये कलम १६१ व कलम १६५ या आसनांवर अजून विराजमान आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानेही सामूहिक हक्कांची गणना करताना 'निस्तार' हा शब्द जसाच्या तसा उचलला आहे.

हा विस्मृतप्राय शब्द आज काढण्याचे कारण ताडोबा. अभयारण्यातील पर्यटनामुळे स्थानिकांचे कल्याण होते, ही गोष्ट अलीकडे इतक्या वेळा आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने सांगितली जाते की तिच्याविषयी शंका घेणारा माणूस वाघाचा तरी वैरी असावा किंवा गावाचा तरी, असा समज होतो. मी या दोहोंपैकी कोणाचाच वैरी नाही. पर्यटनाने गावाला काहीच मिळत नाही, असेही माझे म्हणणे नाही. जे मिळते ते कोणत्या नात्याने मिळते, एवढाच माझा प्रश्न आहे. कारण बक्षीस, मजुरी, अनुदान आणि हक्क या चार गोष्टींत पैसा एकच असला तरी घेणाऱ्याचा हात चार तऱ्हांनी पुढे येतो.

ताडोबाचा कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. १९५५ साली, म्हणजे हा मुलूख अद्याप मध्यप्रदेशात होता तेव्हा, तलावाभोवतालचे सुमारे ११६ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. १९८६ मध्ये त्याला लागून अंधारी अभयारण्य आले. १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आणि २०१० मध्ये सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या गाभाक्षेत्राभोवती अकराशे चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आखले गेले. परंतु कागदांच्या पूर्वीचा इतिहास निराळा आहे. ताडोबा हे नाव मुळी तारू या गोंड पुरुषाचे. वाघाशी झुंजताना तो पडला आणि देव झाला, अशी श्रद्धा आहे. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे जत्रा भरत आली आहे. वाघाने मारलेल्या माणसाचे नाव वाघाच्या राज्याला मिळावे, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. मोहर्लीहून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दगडी खांब उभे दिसतात. गोंड राजांच्या काळी त्यांवरून दोर व घंटा यांच्या साहाय्याने वर्दी पोचविली जात असे, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, हे रान निर्मनुष्य कधीच नव्हते, एवढी साक्ष ते खांब निश्चित देतात.

राष्ट्रीय उद्यान जाहीर होणे याचा कायदेशीर अर्थ असा की त्या सीमेच्या आतील माणसांचे हक्क निकालात निघतात. त्यात गुरे चारता येत नाहीत आणि सरपणही आणता येत नाही. पुढे गाभ्यातील गावेही उठली. बोटेझरी, जामणी, रामदेगी-नवेगाव येथील लोक बाहेर वसविले गेले, आणि ज्या बांध्यांत पूर्वी धानाची रोवणी होत असे तेथे आता उंच गवत माजले असून त्या कुरणाच्या कडेला पहाटे जिप्सी रांगेने उभ्या राहतात, कारण गवतामागे चितळ येते आणि चितळामागे वाघ. हे पुनर्वसन मुळातच अन्यायाचे होते, असा माझा दावा नाही. शाळा, दवाखाना आणि रस्ता यांसाठी स्वखुशीने बाहेर पडलेली कुटुंबेही त्यांत आहेत. पण ज्या दृश्यासाठी पाहुणा हजारो रुपये मोजतो, ते दृश्य कोणाच्या तरी शेताच्या जागी उगवले आहे, हे पैसे मोजून घेणाऱ्याने तरी विसरू नये.

आता जमेची बाजू. २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी व्याघ्रसंवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली, आणि फाटकावर जमा होणारी रक्कम सरकारी तिजोरीच्या महासागरात लुप्त न होता प्रकल्पाच्या आणि आसपासच्या गावांच्या उपयोगी पडण्याचा मार्ग मोकळा झाला. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने गाभाक्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम मनाई केली आणि ऑक्टोबरात ती उठविली. या दरम्यान राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांनी गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र पर्यटनासाठी उघडू नये, असे बंधन घातले. पुढे बफरमधील गावांच्या वेशीवरही नवी फाटके निघाली. मोहर्ली, कोलारा, आगरझरी या गावांत आज गाइड, जिप्सीचालक, होमस्टे चालविणारे असा एक वर्गच निर्माण झाला आहे. ज्यांच्या आज्या मोहफुले वेचीत त्या मुली खाकी गणवेषात पाहुण्यांना रानपिंगळा दाखवितात. ग्राम परिस्थितिकी विकास समित्यांतून गॅसच्या शेगड्या आल्या, शेतांना सौरकुंपणे आली. ही सर्व सुधारणा खरी आहे आणि तिची थट्टा करणे हे शहरात राहून पर्यावरणावर लिहिणाऱ्यांचे काम आहे. मी ते करणार नाही.

तथापि गाइडची मिळकत बारकाईने पाहिली की गोम कळते. त्याला ठरीव मेहनताना मिळतो, आणि त्यावर पाहुण्याने खूश होऊन दिलेले बक्षीस. पाहुणा खूश केव्हा होतो? सागाच्या पानांची जाळी करणारी अळी पाहून तो खूश होत नाही, मोराच्या थव्यानेही फारसा नाही. तो एका पिवळ्या-काळ्या जनावरासाठी आलेला असतो आणि 'सायटिंग' झाली नाही तर परतीच्या वाटेवर जिप्सीत जी शांतता पसरते ती सुतकी असते. वाघ दिसला तर पाहुण्याचे नशीब आणि न दिसला तर गाइडची चूक, अशी या धंद्यातील न्यायाची वाटणी आहे. अशा स्थितीत चालकाने गाडी दहा हात पुढे दामटली, वायरलेसवाचून कुजबुज पसरली आणि एका वाघिणीभोवती डझनभर वाहने गोळा झाली, तर दोष कोणाचा? २०२४ च्या सरत्या दिवसांत उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी रोखली. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक व गाइड निलंबित झाले, त्यांना दंड झाला. शिक्षा योग्यच होती. परंतु ज्याचा त्या दिवसाचा पोटाचा हिशेब पाहुण्याच्या खुशीवर लटकलेला आहे, तो पाहुण्याला 'नाही' कोणत्या बळावर म्हणणार? ज्या गावाला वाघ दिसो वा न दिसो, फाटकाच्या उत्पन्नातला आपला हिस्सा नेमाने मिळणार आहे, तेच गाव उद्या स्वतः ठराव करून म्हणू शकेल की सकाळच्या फेरीतल्या गाड्या आम्हांला कमी हव्यात.

याला केरळातील पेरियारचा दाखला देता येईल. तेथे नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात, दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल रानातून चोरून नेणाऱ्या एका टोळीशी वनखात्याने बोलणी केली. त्यांनी तो धंदा सोडला, त्यांच्यावरील खटले मागे घेतले गेले, आणि ज्या चोरवाटा त्यांना तोंडपाठ होत्या त्याच वाटांनी ते पाहुण्यांना पायी रान दाखवू लागले व त्याबरोबर गस्तही घालू लागले. २००२ पासून त्या परिसरातील स्त्रियांची 'वसंतसेना' वेतन न घेता पाळीपाळीने रानात गस्त घालीत आली आहे. पेरियारमध्ये सारे आलबेल आहे असे नाही, आणि तेथील पायवाट इथल्या जिप्सीच्या रस्त्याला जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण तेथे गावकऱ्यांना चाकरी देण्याबरोबर रानाची जबाबदारी दिली गेली, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. आमच्याकडे जबाबदारी वनखात्याची, भांडवल नागपूर-मुंबईचे आणि चाकरी गावाची, अशी त्रिस्थळी यात्रा आहे. रस्त्यालगतची जमीन विकून आलेला पैसा घराच्या स्लॅबमध्ये आणि मोटारसायकलीत जिरला म्हणजे त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टच्या दारात पहारेकऱ्याची जागा मिळते. तिलाही स्थानिक रोजगार म्हणून मोजले जाते.

आणि जी गावे फाटकापासून दूर आहेत, त्यांचे काय? ही या प्रश्नातली सर्वांत बिकट गाठ आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ आढळले आणि त्यांतील फार मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्याच्या रानांत आहे. पण वाघ फाटक ओळखीत नाही. ताडोबाच्या उत्तरेला व पूर्वेला ब्रह्मपुरी वनविभाग पसरला आहे. तेथे रान आणि धानाची शेते एकमेकांत गुंतलेली आहेत, वाघांची वस्ती दाट आहे, आणि पाहुण्यांची वर्दळ मात्र नाममात्र. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटेच रानात शिरलेल्या बाया, पावसाळ्यात धुऱ्यावर वाकून निंदण करणारा शेतकरी, गुरे वळणारा म्हातारा, हे वाघाच्या वाढत्या वैभवाची किंमत जिवाने चुकवितात. त्यांच्या घरच्यांना सरकार नुकसानभरपाई देते, हे खरे. परंतु भरपाई मृत्यूनंतर मिळते. वाघाच्या शेजारी रोज जगण्याचा जो भार आहे, पहाटेचे शेत आणि सांजेची वाट यांची जी धास्ती आहे, तिचे खाते कोठेच उघडलेले नाही. मोहर्लीच्या वाघाचा पैसा मोहर्लीला आणि त्याच वाघाच्या पोराची दहशत सिंदेवाहीला, असा हा व्यवहार आहे.

येथेच तो जुना कागद उपयोगी पडतो. १९६६ च्या ज्या अधिनियमाचा वर उल्लेख केला, त्यातील कलम १६४ असे मानते की एखाद्या गावाच्या सीमेत पुरेशी पडीत जमीन नसेल, तर तेथील रहिवाशांना शेजारच्या गावाच्या पडीत जमिनीत निस्ताराचा किंवा चराईचा हक्क मिळू शकतो. म्हणजे निस्तार हा गावाच्या शिवेवर थांबत नाही, गरजेच्या मागे जातो, हे तत्त्व आपल्या महसुली परंपरेने केव्हाच मान्य केले आहे. तेच तत्त्व फाटकावरच्या पैशाला लावावयास काय हरकत आहे? वाटणी फाटकापासूनच्या अंतराने न करता वाघाच्या उपद्रवाच्या प्रमाणात करावी. किती गुरे मारली गेली, किती माणसे दगावली, किती सरपण बंद झाले, याची मोजदाद वनखात्याच्या आणि महसुलाच्या दफ्तरांत विखुरलेली आहेच, ती एकत्र करण्याचे काय ते बाकी आहे.

मजकडे येणारा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. गावाच्या हाती बिनकष्टाचा पैसा दिला तर तो मंदिराच्या कळसात आणि सरपंचाच्या निवडणुकीत जाईल, असे म्हणणारे सज्जन प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. काही ठिकाणी जाईलही. पण सरकारी अनुदानाचा पैसा कोठे जातो, हे विचारण्याची त्याच सज्जनांना कधी गरज वाटत नाही. आणि निस्तारपत्रक हे कलेक्टरने करावयाचे असले तरी गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन करावयाचे असते, ही त्या कायद्यातील अट आजवर किती ठिकाणी पाळली गेली, हेही त्यांनी एकदा पाहावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उत्पन्नात वाटा आला की गावच अधिक गाड्या, अधिक फाटके, अधिक रात्रीच्या फेऱ्या मागू लागेल. हा धोका खरा आहे. म्हणून गाड्यांची संख्या ठरविण्याचा अधिकार वाट्याबरोबर गावाकडे जाऊ नये. ती मर्यादा रानाच्या सोसण्यावरून ठरावी, आणि गावाला गाड्या कमी करण्याचा अधिकार असावा, वाढविण्याचा नसावा. असली एकतर्फी सनद विचित्र वाटेल खरी, पण सामायिक कुरणावर अधिक गुरे आणता न येण्याचा नियम आमच्या गावांना पूर्वीपासून माहीत आहे.

तजवीज फार मोठी नको. प्रकल्पाच्या वर्षाच्या जमेचा ठरावीक भाग बाधित गावांचा निस्तार म्हणून कायद्याने वेगळा काढावा. प्रत्येक गावाच्या वाजिब-उल-अर्जात त्याची नोंद व्हावी. आणि पावसाळ्यात गाभाक्षेत्र बंद असते त्या तीन महिन्यांत, जेव्हा जिप्सी धूळ पुसून उभ्या असतात आणि रोवणीतून सवड मिळेल तसे लोक गावात असतात, तेव्हा ग्रामसभेत तो हिशेब आकड्यांनिशी वाचून दाखवावा. ज्या प्रवेशपावतीवर प्रवेशाचे, वाहनाचे आणि गाइडचे शुल्क वेगवेगळे लिहिले जाते, तिच्यावर त्यांच्या खाली 'गावाचा निस्तार' म्हणून एक चौथी रक्कम छापावी. पाहुण्याने ती वाचली तर उत्तम. न वाचली तरी ती पावती फाडून देणारी गावातली मुलगी ती दिवसातून शंभर वेळा वाचीलच.