बंद कारखान्याच्या जागेवर घर: पूर्वपक्ष आणि उत्तर

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरांत एक वाद आता वरचेवर ऐकू येतो. मुलगा किंवा लेक नोकरीसाठी मुंबईकडे गेलेली असते, ठाण्याला फ्लॅट पाहते, आणि ती इमारत एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात उभी असल्याचे कळते. वडीलधाऱ्यांचा विरोध तीन अंगांनी येतो. तिथे ना वस्ती, ना शेजार. जमीन रसायनांनी नासलेली. आणि कामगार देशोधडीला लागले त्या जागेवर आपण सुखाने राहायचे कसे? त्यापेक्षा कंकाली तलावाजवळचे आपले घर नीट करा, आहे त्यात भर घाला.

या आक्षेपांमागे मुलांची काळजी आहे आणि अनुभवही आहे, म्हणून त्यांना उडवाउडवीचे उत्तर देणे मला मान्य नाही. पण त्यातून काढलेला ‘घेऊच नका’ हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो.

वस्ती नाही, हे म्हणणे तर ठाण्याच्या रस्त्यावर एक फेरी मारली तरी टिकत नाही. तिथे आजही लोक रिक्षावाल्याला ‘नितीन कंपनी’, ‘कॅडबरी’, ‘गोल्डन डाईज’ असे सांगतात. हे सगळे कारखाने. नाक्यांना त्यांची नावे पडली ती तिथे ये-जा करणाऱ्या हजारो माणसांमुळे. रेमंडची गिरणी १९२५ पासूनची. तिचे उत्पादन २००९च्या सुमारास थांबले आणि २०१९ पासून त्या आवारात घरे बांधली जाऊ लागली. मधली आठ-नऊ दशके तिथे भोंगा, पाळ्या, कॅन्टीन, युनियन, पगाराचा दिवस असे सगळे होते. पिढ्यान् पिढ्या जिथे माणसे राबली त्या जागेला ओसाड माळ समजणे हा त्या माणसांवरच अन्याय आहे. बिल्डरही नेमके हेच करतो. कोऱ्या जमिनीवर नवे शहर उभारल्याचा त्याचा दावा आणि आपल्या काकांचा ‘तिथे काही नाही’ हा आक्षेप, दोन्ही एकाच चुकीवर उभे आहेत.

आणि आपला पारा, म्हणजे मोहल्ला, तरी कसा वसला? छत्तीसगडात मराठी माणूस भोसल्यांच्या राजवटीत आला, १८१८ नंतर कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभार रतनपूरहून रायपूरला हलवला तेव्हा कचेऱ्यांच्या मागे आला, पुढे शाळांतून, वकिलीतून, रेल्वेतून येत राहिला. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा या वस्त्यांतली आपली घरे पोटामागे आलेल्या लोकांनीच बांधली. गणपती, वाचनालय, महाराष्ट्र मंडळ हे सारे नंतर आले, आणि कुणीतरी खपून उभे केले म्हणूनच आले. ठाण्याच्या पोखरण रोडवर राहायला गेलेल्या मुलीला आपण म्हणतो, ‘तुझ्याकडे शेजार नाही.’ आपल्या पणजीला रायपुरात पहिल्या वर्षी कोणता शेजार होता?

जमिनीचा आक्षेप याहून भारी आहे आणि त्यावर मला जास्त थांबायचे आहे. रायपूरकरांना ही भीती कुणी शिकवावी लागत नाही. उरला, सिलतरा, भनपुरीकडच्या स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलच्या धुराने गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी कशी बसते, हे इथल्या गृहिणींना विचारा. पण या अनुभवातून निघते काय? ही भुकटी चालू भट्टीची आहे, आणि ती वाऱ्याबरोबर जुन्या शहरातही येते. ब्राह्मणपाऱ्यात राहिल्याने आपण उद्योगापासून सुटलो, असे होत नाही. मुंबईत माहुलला प्रकल्पग्रस्तांना तेल शुद्धीकरण कारखान्यांना खेटून घरे दिली. तिथली हवा आरोग्याला घातक असल्याची नोंद २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने घेतली आणि पुढे उच्च न्यायालयाने रहिवाशांना तिथे राहण्याची सक्ती करू नये, असा पवित्रा घेतला. चालू कारखान्याच्या कुशीत घर घेऊ नका, हे मी शंभरदा सांगेन. बंद कारखान्याचा प्रश्न वेगळा आहे. धुराडे थांबले की हवा सुधारते. मागे राहते ते मातीत आणि विहिरीच्या पाण्यात.

ते किती काळ राहते? भोपाळ बघा. २००० पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. १९८४च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला गेला. चाळीस वर्षे! म्हणून ‘कारखाना गेला, विषय संपला’ म्हणणारा विक्रेता खोटे बोलतो, असे मी मानतो. पण सगळीच कारखान्याची जमीन विषारी म्हणणेही तितकेच असत्य आहे. कापड विणणारी गिरणी, चॉकलेटचा कारखाना, रंगद्रव्ये बनवणारा कारखाना आणि क्रोमचा मुलामा देणारे वर्कशॉप यांच्या मातीत फार फरक असतो. कापडाच्या गिरणीतसुद्धा विणाईखाते आणि रंगाईखाते सारखे नसते. इथे काय बनत होते, सांडपाणी कुठे सोडत होते, गाळ कुठे पुरला, मातीची तपासणी कोणी आणि किती खोलीवर केली, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नये. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावीच लागते आणि ती कागदपत्रे पाहायला मिळतात. महारेराच्या संकेतस्थळावर जमिनीची मालकी आणि चालू दावे दिसतात. दूषित जागांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही काढले आहेत. सोसायटी बोअरचे पाणी वापरणार असेल तर त्याची प्रयोगशाळेत, जड धातूंसकट, तपासणी करून घ्या. गाळ्याच्या टाइल्स आणि क्लब हाउस पाहण्यात लोक अख्खा रविवार घालवतात. या कामाला त्याहून फार वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप नीतीचा. तो ऐकला की मला आदर वाटतो, कारण तो करणारा माणूस स्वतःच्या नफ्यापलीकडे पाहत असतो. मुंबईच्या गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना पुन्हा काम मिळालेच नाही. हक्काच्या घरांसाठी गिरणी कामगारांचे व वारसांचे अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात गेले. म्हाडाच्या २०१२च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे होती ६,९२५. या आकड्यांनी अस्वस्थ झाला नाही त्याने गिरणगावाविषयी बोलू नये.

पण आपण घर न घेतल्याने त्यातल्या एकाला तरी छप्पर मिळते का? मिळत नाही. राजनांदगाव आपल्यापासून सत्तर किलोमीटरवर आहे. तिथल्या बंगाल नागपूर कॉटन मिलच्या मच्छरदाण्या दूरदूर जात, १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तिथे संप झाला, आणि शतकभर गाव पोसणारी ती गिरणी २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागी मनोरे उभे राहिले नाहीत, म्हणून कामगाराचे काही भले झाले नाही. अन्याय होतो तो देणी बुडवल्याने, हक्काच्या घरांचा वाटा आकसवल्याने. तो इमारत बांधल्याने होत नाही आणि न बांधल्याने मिटत नाही. मुंबईत औद्योगिक जागा निवासी करताना, ज्याला तिकडे ‘आय-टू-आर’ म्हणतात, बंद कारखान्याच्या कामगारांची देणी चुकती झाल्याचे कामगार आयुक्तांचे ना-हरकत पत्र लागते. ते पत्र दाखवा, असे किती गिऱ्हाइके म्हणतात? दहा जणांनी म्हटले तर विक्री कार्यालयाला ते फाइलमध्ये ठेवावे लागेल. घर नाकारणाऱ्याच्या हातात हा दाब उरत नाही. पैसे मोजणाऱ्याच्या हातात असतो.

म्हणून माझे म्हणणे असे: शहराच्या जुन्या औद्योगिक उपनगरात जरूर घर घ्या. रेल्वे आणि मोठे रस्ते तिथे आधीपासून आहेत, कारण कारखान्यांना ते लागत होते. डोंगर पोखरून किंवा शेती बुजवून नवी नगरे वसवण्यापेक्षा एकदा वापरलेली जमीन शुद्ध करून पुन्हा वापरणे केव्हाही बरे. फक्त त्या जमिनीचा आणि तिथे राबलेल्यांचा हिशेब मागून मगच सही करा.

आणि हा हिशेब रायपुरानेही आजपासून ठेवावा. भनपुरी एके काळी शहराबाहेर होती. आता शहर तिच्या पुढे गेले आहे. तिथले कारखाने उद्या-परवा हलतील आणि त्या जागांवर आपल्याच नातवंडांसाठी फ्लॅट विकायला निघतील. कोणत्या प्लॉटवर काय वितळवले, राख आणि स्लॅग कुठे टाकले, किती कामगारांची किती देणी आहेत, याची प्लॉटवार नोंद महापालिकेने आणि पर्यावरण संरक्षण मंडळाने भट्ट्या चालू असतानाच करून ती लोकांसाठी खुली ठेवायला हवी. कारखाना बंद झाल्यावर त्याचे रजिस्टर सांगणारा माणूस सापडत नाही.