ऑलिव्ह खा, पण लोणच्याच्या हिशेबात

पिझ्झ्यावरच्या काळ्या चकत्यांपुरते माहीत असलेले ऑलिव्ह आता भंडारा, तुमसर, साकोलीतही घरबसल्या मागवता येते. तुर्कस्तानात ते न्याहारीच्या ताटातले रोजचे फळ आहे आणि आपल्या आंब्यासारखीच त्याचीही अनेक वाणे आहेत. बुर्सा प्रांतातले गेमलिक काळे, पातळ सालीचे आणि तेलकट. दोमात हिरवे आणि टपोरे. मिठाच्या थरांत मुरवलेल्या सुरकुतलेल्या ऑलिव्हला तिथे ‘सेले’ म्हणतात. सेले म्हणजे टोपली. ही वेगवेगळी चव घेऊन पाहायला काहीच हरकत नाही.

मात्र ते फळ आपल्यापर्यंत कसे येते, हे समजून घ्यावे. झाडावरचे ताजे ऑलिव्ह ओल्युरोपीन या द्रव्यामुळे इतके कडू असते की खाववत नाही. हा कडवटपणा उतरावा म्हणून ते आठवडेच्या आठवडे, काही वाणे तर महिनोन्महिने, मिठाच्या पाण्यात मुरवतात. कारल्याला मीठ चोळणाऱ्या आणि कैरी खारात घालणाऱ्या घरांना ही युक्ती नवी नाही. थोडक्यात, बरणीतले ऑलिव्ह हे लोणचेच आहे.

खरा प्रश्न इथे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. खारातल्या दहा मध्यम हिरव्या ऑलिव्हमधूनच साधारण एक ते दीड ग्रॅम मीठ पोटात जाते. वरण, भाजी, चटणी, पापड यांतले मीठ वेगळेच. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो आणि पुढे मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांवर घाला घालतो.

बरणीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे लिहिलेले असते. त्यात विशेष काही नाही. वनस्पतिजन्य पदार्थात कोलेस्टेरॉल जवळपास नसतेच. ऑलिव्हमधील ओलिक आम्ल हृदयाला अनुकूल आहे हे खरे; पण भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचे श्रेय डाळी, भाज्या, फळे आणि मासे यांनाही जाते. तेच हवे असेल, तर धानाच्या बांधीत लाखोळीसोबत उतेऱ्यावर घेतले जाणारे जवस आपल्याकडे आहेच. त्यात ओमेगा-3 वर्गातील स्निग्धाम्ल भरपूर असते, फक्त चटणीत मीठ बेताने घालावे.

ऑलिव्ह आणलेच, तर तासभर साध्या पाण्यात भिजवून, पाणी फेकून, चार-पाचच घ्यावीत आणि त्या जेवणात लोणचे-पापड टाळावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत.