जपानी माणूस वाकतो, पण कुणापुढे?



जपानी माणूस फार नम्र, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मालक मंडळींना तर जपानचे नाव काढले की भरते येते. “बघा तो जपानी कामगार! कसा निमूट राबतो!” हे पालुपद ऐकून ऐकून कान किटले. तेव्हा आम्ही म्हटले, त्या जपानी माणसाच्या तोंडी रोज कोणते शब्द असतात ते तरी एकदा बघू. सरकारी अहवालात काहीही लिहिता येते. रोजची बोली मात्र घरातली आणि कारखान्यातली बित्तंबातमी बाहेर फोडते.

आधी जेवणाचे बघा. शेतात उभे असते ते ‘इने’, कांडून पोत्यात भरले की ‘कोमे’, शिजून वाडग्यात आले की ‘गोहान’. शेतातले भात, पोत्यातला तांदूळ आणि ताटातला भात यांतला फरक आपल्या कोकणच्या माणसाला शिकवायला नको. पण तिकडे ‘गोहान’ म्हणजेच जेवण. न्याहारीला पाव खाल्ला तरी ती ‘आसागोहान’, म्हणजे सकाळचा भात! याच तांदळाचे भाव कडाडले तेव्हा १९१८ साली तोयामा भागातल्या कोळणी रस्त्यावर उतरल्या. वणवा देशभर पसरला आणि पंतप्रधान तेराउची यांना खुर्ची सोडावी लागली. या त्या नम्र जपानी बाया!

आता नम्रतेचे व्याकरण. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या. मुकादम अरेतुरे करतो आणि आपण त्याला अहोजाहो करतो, हे ज्याने गिरणीत काढले त्याला ठाऊक आहे. जपानीत क्रियापदच बदलते. साधे खाणे ‘ताबेरु’. साहेब खातात ते ‘मेशिआगारु’. आणि साहेबांसमोर मी खातो ते ‘इतादाकु’. या शेवटल्या शब्दाचा मूळ अर्थ डोक्यावर धरणे, म्हणजे आपण प्रसाद कपाळाला लावून घेतो तसे. जेवायला बसताना सगळेच ‘इतादाकिमासु’ म्हणतात, ते गोडच आहे. पण तोंड उघडण्याआधी समोरचा वरचा की खालचा हे ताडावे लागते, याला गोड म्हणावे का?

घरातही तीच शिडी. दुसऱ्याच्या बायकोला ‘ओकुसान’, म्हणजे आतल्या दालनातली बाई. स्वतःच्या बायकोला ‘कानाई’, म्हणजे घरातली. आणि बाई नवऱ्याला म्हणणार ‘शुजिन’, म्हणजे धनी! हसू नका, आपल्या चाळीचाळीत ‘आमचे मालक’ म्हटले गेलेच आहे. हल्ली पुष्कळ जपानी बाया तो शब्द टाकून सरळ ‘ओत्तो’, नवरा, असे म्हणू लागल्या आहेत, हे मात्र सांगितले पाहिजे.

पण खरी गंमत कामाच्या जागी. जपानने अक्षरे चीनकडून घेतली; ‘काम करणे’ याचे अक्षर मात्र स्वतः घडवले. एका बाजूला ‘माणूस’, दुसऱ्या बाजूला ‘हालणे’. माणूस हालतो तेव्हा काम होते! पाळी संपल्यावर सोबती एकमेकांना म्हणतात ‘ओत्सुकारेसामा’, म्हणजे जवळजवळ “दमलात हो!” आम्हाला हा शब्द फार आवडला. दमणे ही मान देण्याजोगी गोष्ट आहे, असे सांगणारा शब्द आपल्या कामगारांना कुणी दिला? मात्र त्याचाच भाऊ ‘गोकुरोसामा’, “कष्ट पडले तुम्हाला”, हा वरच्याने खालच्याला म्हणायचा. कामगाराने साहेबाला म्हटला तर उद्धटपणा. म्हणजे कष्टांची कदरसुद्धा वरून खालीच वाहणार.

आणि कष्ट किती होते? सूतगिरण्यांतल्या पोरींना ‘जोको’ म्हणत. गरीब शेतकऱ्याच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवायची, कागदावर सही घ्यायची, आणि पोर गिरणीच्या वसतिगृहात डांबायची. तिथल्या कापसात आपल्या मुंबई बंदरातून गेलेला कापूसही होता. त्यासाठी १८९३ साली मुंबई-जपान अशी नियमित बोट सुरू झाली होती. स्वतः गिरणीत राबलेल्या होसोई वाकिझो याने या पोरींची कहाणी ‘जोको आइशी’ या पुस्तकात लिहिली. ते १९२५ साली छापले गेले आणि त्याच वर्षी तो मेला. बायांची रात्रपाळी बंद व्हायला १९२९ साल उजाडले.

पुढे युद्ध झाले, कारखाने पुन्हा उभे राहिले, आणि नवे शब्द आले. भाजीवाली वरून कोथिंबिरीची काडी फुकट टाकते ना, तसल्या वरकडीला जपानीत ‘साबिसु’ म्हणतात. कामगाराने बिनपगारी ओव्हरटाइम केला की तो ‘साबिसु झांग्यो’! त्याच्या घामाचे तास म्हणजे कोथिंबिरीची काडी! याच्या पुढचा शब्द ‘करोशी’. का म्हणजे अति, रो म्हणजे श्रम, शी म्हणजे मरण. हा शब्द जगभर गेला. २०१४ साली तो टाळण्याचा कायदा झाला. २०१९ पासून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ तासांची मर्यादा आली. पण घाईगर्दीचे कारण असेल तर एखाद्या महिन्यात १०० च्या आत कितीही तास! आणि करोशी ठरवताना तिथले सरकार कोणता आकडा धरते? आजारापूर्वीच्या महिन्यात सुमारे १०० तास. मरणाची वेस आणि कायद्याची वेस शेजारी शेजारी!

निमूट राबतो म्हणणाऱ्यांनी आणखी एक शब्द पाठ करावा: ‘शुन्तो’, म्हणजे वसंतातला लढा. चेरीच्या बहरावर कवींनी कविता केल्या. कामगारांनी तोच मोसम पगारवाढीसाठी धरला. १९५५ साली आठ धंद्यांतल्या संघटना एकत्र आल्या आणि तेव्हापासून दर वसंतात ही मागणी उठते. अगदी अलीकडचा शब्द ‘पावाहारा’. इंग्रजीचे दोन तुकडे जोडून केलेला, अर्थ अधिकाराच्या जोरावर केलेला जाच. साहेबाचा ओरडा पूर्वी ‘शिस्त’ म्हणून खपे, त्याला नाव मिळाले. नाव मिळाले म्हणून तक्रार लिहिता आली, आणि २०१९ साली कायदा झाला. जाच रोखण्याची जबाबदारी मालकावर आली, पण जाच करणाऱ्याला शिक्षा देणारे कलम त्यात घातले नाही. त्याच वर्षी जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत कामाच्या जागेवरील जाचाविरुद्धचा करार मताला आला. जपानच्या सरकारने बाजूने मत दिले, कामगारांनी दिले. मालकांची संघटना, ‘केइदानरेन’, अत्यंत नम्रपणे तटस्थ राहिली.