सोनेरी अक्षरांतलं पत्र

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. अशा अवेळी फोन आला की आपला जीव दचकतोच. पण नणंदेची मुलगी अमेरिकेतून बोलत होती. तिकडे भर दुपार! ती तिथल्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"मामी, मला एका ऑनर सोसायटीचं निमंत्रण आलंय. बायोडाट्यात घातलं की नोकरीला उपयोग होतो म्हणे. पंचाण्णव डॉलर भरायचेत. आईला सांगितलं तर ती लगेच पाठवेल, म्हणून आधी तुला विचारते."

पंचाण्णव डॉलर म्हणजे आपले आठ हजारांवर रुपये. पोरीच्या लायब्ररीतल्या दोन-तीन संध्याकाळच्या कामाची कमाई. आणि नणंदेकडे शिक्षणकर्जाचा हप्ता डोक्यावर. मी म्हटलं, "दोन दिवस थांब. जरा चौकशी करू."

हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं, भाचे-पुतणे तिकडे शिकायला आहेत. हा प्रश्न तुमच्याही घरी येईल, म्हणून चौकशीत कळलेलं सगळं सांगते.

ऑनर सोसायटी म्हणजे हुशार विद्यार्थ्यांचं मंडळ. अमेरिकेत ही चाल फार जुनी. त्यांतलं सर्वांत जुनं 'फाय बीटा कॅप्पा' १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालं. म्हणजे अमेरिका स्वतंत्र झाल्याचं जाहीर झालं त्याच वर्षी! सोन्याची छोटीशी किल्ली ही त्याची खूण. त्यात बायकांना पहिल्यांदा घेतलं ते १८७५ साली, व्हरमाँट विद्यापीठात. इंजिनिअरिंगवाल्यांचं 'टाऊ बीटा पाय' १८८५चं. तिथे तर स्त्रियांना सभासद व्हायला १९६९ साल उजाडावं लागलं. त्याआधी मुलींना मार्क मिळाले तरी नुसता बिल्ला देत, सभासदत्व नाही. तेव्हा हा मान म्हणजे सगळा पोकळ दिखावा, असं म्हणून चालणार नाही. काहींनी तो मोठ्या कष्टानं मिळवलेला आहे.

पण मान म्हटला की त्याच्या आसपास दुकानंही उघडतात. आपल्याकडे नाही का, 'तुमची पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणीशुल्क पाठवा' अशी पत्रं येतात? तसंच तिकडेही आहे. नाव भारदस्त, ग्रीक अक्षरं, वर सोनेरी शिक्का. आणि निमंत्रण कोणाला, तर जवळजवळ सगळ्यांना!

पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, असंही नाही हं. चांगल्या संस्थाही प्रवेशाचे पैसे घेतात. वर्गणी तर आपलं गणपतीचं मंडळसुद्धा घेतं. आपण फक्त बघतो, की मंडळ कुणाचं आणि वर्गणीचं होतं काय.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी एवढं विचारून घ्यावं.

एक, निवड कशावर? टाऊ बीटा पायचा नियम स्पष्ट आहे : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला वर्गातल्या वरच्या अष्टमांशात, शेवटच्या वर्षाला वरच्या पंचमांशात नंबर हवा. असा नियम सांगता येत नसेल तर सावध व्हावं.

दोन, आपल्या कॉलेजात त्यांची शाखा आहे का? शाखेला सल्लागार प्राध्यापक आहेत का? वर्षभरात काय कार्यक्रम होतात? नुसतं पत्र आणि प्रमाणपत्र, बाकी काही नाही, तर ते कागदाचं मंडळ.

तीन, 'असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज' ही १९२५ सालची संस्था चांगल्या मंडळांची यादी ठेवते. त्यात नाव आहे का ते बघावं. मात्र काही जुनी, मानाची मंडळं त्या यादीबाहेर आहेत. यादीत नाव नाही म्हणजे वाईटच, असं धरू नये.

चार, पैसे एकदाच की दरवर्षी? आणि त्यातून शिष्यवृत्ती मिळण्याजोगी आहे का? दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या मुलांसाठी 'फाय थीटा कॅप्पा' आहे. पुढे मोठ्या विद्यापीठात जाताना तिच्या सभासदांना खास शिष्यवृत्त्या मिळू शकतात. तिथे भरलेले पैसे वसूल होऊ शकतात.

आता बायोडाट्याचं. तिथल्या नागरिक असलेल्या मुलांना केंद्र सरकारच्या काही नोकऱ्यांत एक वरची पायरी मिळायला अशा मान्यताप्राप्त मंडळाचं सभासदत्व चालतं. पण वर्गात वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असणं किंवा चारपैकी तीन गुणांची सरासरीसुद्धा तिथे चालते. ती ज्याला आहे, त्याला वेगळे पैसे भरायची गरज काय? आणि आपल्या इथून गेलेल्या मुलांना या नोकऱ्या बहुतेक बंदच.

खाजगी कंपनीत सभासदत्वाची एक ओळ पडते, एवढंच. नामांकित मंडळ असेल तर वाचणारा थबकतो. ऐकिवातलं नसेल तर नजर पुढे सरकते. शिवाय चांगले मार्क बायोडाट्यात आधीच लिहिलेले असतात, फुकट! त्या ओळीला वजन येतं ते तिच्या पुढच्या शब्दांनी : खजिनदार होते, व्याख्यानमाला भरवली, शिकवणी घेतली. नुसतं 'सभासद' हे लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र'सारखं. छापलेलं असतं, वाचत कोणी नाही.

दोन दिवसांनी भाचीला फोन केला. तिनंही चौकशी केली होती. कॉलेजात शाखा नव्हती, सल्लागार नव्हते, आणि तिच्या खोलीतल्या तिघींनाही तेच पत्र आलं होतं. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मामी, खरं सांगू? बायोडाट्याचं निमित्त होतं. आईला दाखवायला काहीतरी हवं होतं गं. एवढं कर्ज काढून पाठवलंय तिनं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "वेडे, आईला तुझी मार्कांची यादी पाठव. त्यावर सोनेरी शिक्का नसला तरी ती देवापुढे ठेवील."

तिनं तसंच केलं. आता ती कॉलेजच्या शिकवणी केंद्रात पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवते. पैसे भरायचे दूरच, वर चार डॉलर मिळतात, आणि बायोडाट्यात सांगण्याजोगी ओळही झाली. तिसऱ्या वर्षी नंबर वर आला आणि तिच्या कॉलेजातल्या खऱ्या मंडळानं बोलावलं, तर ते पैसे मीच देईन, असं कबूल केलंय.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांचा असा फोन आला तर लगेच 'भर' म्हणू नका, आणि 'कसले नखरे' म्हणून उडवूनही लावू नका. आधी वरचे चार प्रश्न विचारा. आणि पाचवा हळूच विचारा : "बाळा, हे तुला कशासाठी हवंय?" पुष्कळदा खरं उत्तर तिथेच असतं.