सामायिकाचा रोजमेळ

सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मन, वचन व काया भलतीकडे वळणे हे तीन; उरलेले दोन अनादर आणि विस्मरण. पर्युषणात उत्साहाने आरंभिलेला नियम दिवाळीच्या गर्दीत सुटतो, तो बहुधा या शेवटच्या दोन वाटांनीच.

व्यापारी रोजमेळ सवडीवर सोडत नाही. दुकान वाढवण्यापूर्वी तो जुळवतोच. एखाद्या दिवशी फरक निघाला, तर वही टाकून न देता चूक शोधतो. सामायिकालाही तशीच ठरलेली वेळ आणि ठरलेले आसन हवे. खंड पडलाच, तर प्रतिक्रमण करून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसावे. संयमाची पुंजी रोजच्या जमेनेच वाढते.