कमरेवरचा पॅच आणि वज्रेश्वरीचे गरम कुंड

डिसेंबर उजाडला की भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीला गाड्यांची रांग लागते. पायऱ्या चढून देवीचे दर्शन घ्यायचे आणि मग तानसा नदीकाठी अकलोली किंवा गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान करायचे, हा कित्येक घरांचा वर्षानुवर्षांचा क्रम. नाताळच्या सुट्टीत परदेशातून आलेली मुले-नातवंडेही या गर्दीत असतात. समजा, अशाच एका घरातला नऊ-दहा वर्षांचा नातू अमेरिकेहून आला आहे. कपडे बदलताना आजीला त्याच्या खुब्यावर एक पट्टी दिसते. ‘‘हे गं काय?’’ सून म्हणते, ‘‘काही नाही आई, जरा लचक भरलीय.’’ आजी म्हणते, ‘‘मग तर कुंडात बसवाच त्याला. गरम पाण्याने मोकळे होईल.’’

प्रसंग कल्पित आहे, पण त्यातला धोका खरा आहे. ती पट्टी लचकेची नाही, एडीएचडीच्या औषधाची आहे. लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा ही या विकाराची लक्षणे. औषध पोटातून न देता कातडीतून देणारा हा पॅच. यातला मिथाइलफेनिडेटचा पॅच अमेरिकेत 2006 मध्ये मंजूर झाला, तर डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामाइनचा 2022 मध्ये. हा दुसरा सहा वर्षांवरील मुलांप्रमाणे प्रौढांसाठीही आहे. आपल्याकडचे डॉक्टर सहसा गोळ्या-कॅप्सूलच देतात. त्यामुळे पॅच इथे दिसतो तो बहुधा परदेशातल्या मंडळींच्या अंगावर.

गोळी गिळली की तिची मात्रा ठरलेली असते. पॅचचे तसे नाही. मिथाइलफेनिडेटच्या सर्वात लहान पॅचमधून नऊ तासांत अंगात जायला हवे साधारण 10 मिलिग्रॅम औषध. प्रत्यक्षात त्यात भरलेले असते 27.5 मिलिग्रॅम. म्हणजे खजिना मोठा आणि दरवाजा अरुंद. हा दरवाजा उष्णतेने रुंदावतो. कातडी तापली, तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुलल्या, की औषध आत शिरण्याचा वेग वाढतो. हे प्रमाण दुपटीहून जास्त होऊ शकते, असे या औषधाच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. म्हणूनच पॅचवर हेअर ड्रायर, शेकायची पिशवी, विजेवर तापणारे पांघरूण नको, असे ते बजावते. अकलोलीच्या कुंडाचे नाव त्यात अर्थातच नाही. पण कातडीला फरक कळतो तो तापमानाचा, पाणी देवीच्या पायथ्याचे आहे की नळाचे याचा नाही.

तेव्हा आधी स्नान, मग पॅच. सकाळी कुंडावरून येऊन अंग कोरडे आणि गार झाले की लावावा. अंगावर आधीच असेल तर त्या दिवशी कुंडाच्या काठावर बसून पाय सोडण्यातही मजा आहे. चुकून पॅचसह पाण्यात उतरलेच आणि धडधड, थरथर, मळमळ, विचित्र अस्वस्थपणा वाटू लागला, तर बाहेर यावे, पॅच काढावा, ती जागा धुवावी आणि डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, भोवळ, भास होणे अशा वेळी विचारत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आता त्या सुनेच्या उत्तराकडे येऊ. ती खोटे का बोलली? कारण खरे सांगितले असते तर पुढचे अर्धे तास काय ऐकावे लागले असते हे तिला ठाऊक आहे. ‘आमच्या वेळी नव्हते असले काही’, ‘जरा शिस्त लावा’, ‘एवढ्याशा पोराला कसली औषधे?’ तिची अडचण समजते. तरीही हे लपवणेच औषधाला अधिक धोक्याचे करते, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुष्परिणाम सांभाळतो तो दवाखाना नव्हे, घर. दवाखाना महिना-दोन महिन्यांतून एकदा भेटतो. शेक देणारी, ताटात वाढणारी, रात्री अंगावर पांघरूण घालणारी माणसे रोजची, आणि त्यांनाच अंधारात ठेवले तर ती मायेनेच चूक करतील. एक वाक्य पुरते: ‘‘आई, हे त्याचे औषध आहे, यावर ऊन-शेक चालत नाही आणि चारला काढायचे आहे.’’ चर्चा हवी तर रात्री जेवणानंतर करावी.

चारला काढायचे, हे महत्त्वाचे. भूक मरणे आणि झोप उडणे हे या औषधांचे नेहमीचे दुष्परिणाम, आणि इथे पॅचची एक सोय आहे: गिळलेली गोळी परत काढता येत नाही, पॅच काढता येतो. सकाळी सातला लावला तर परिणाम दिसायला साधारण दोन तास लागतात. तेवढ्यात पोहे, उपमा, दूध, अंडे जे खाते ते पोटभर जाऊ द्यावे. दुपारचा डबा अर्धा परत येणार, त्यावरून रागावू नये. नऊ तासांच्या हिशेबाने चारला पॅच निघतो. त्यानंतरही औषधाचा अंमल काही काळ टिकतो आणि ओसरता ओसरता भूक परतते. रात्रीचे जेवण म्हणूनच भरीव हवे. झोप तरीही येत नसेल तर पॅच तासभर लवकर काढावा का, हे डॉक्टरांना विचारता येते. तसे करायला वाव असतो. पॅच कात्रीने अर्धा करण्याचा विचार मात्र नको. मुलाची उंची-वजन दर काही महिन्यांनी लिहून ठेवावे. आजी-आजोबांचे ‘वाळलाय गं’ हे निरीक्षणही डॉक्टरांपर्यंत पोचवण्याजोगे असते.

कातडीचा प्रश्न वेगळा, आणि आपल्या समाजात जास्त नाजूक. पॅचखाली थोडी लाली येणे सामान्य आहे. रोज खुब्याची बाजू बदलावी, पट्ट्याखाली किंवा इलॅस्टिकखाली घासेल तिथे लावू नये. अभ्यंगाच्या दिवशी तेलकट अंगावर तो चिकटणार नाही. काढताना चिकटून बसला तर मात्र त्याच तेलाचे बोट कडेने फिरवले की सुटतो. लालीसोबत सूज, पुरळ, फोड आले, दोन दिवसांत ओसरले नाही किंवा पॅचच्या बाहेर पसरले, तर तो थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ही अ‍ॅलर्जी असू शकते आणि काहींना मग तेच औषध तोंडानेही चालत नाही.

2015 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिथाइलफेनिडेटच्या पॅचबद्दल आणखी एक इशारा दिला: काहींच्या कातडीचा रंग कायमचा जातो. सुरुवात दोन महिन्यांनी झाली तशी चार वर्षांनीही. हे वाचून दचकण्याआधी आपल्याच घरातले उदाहरण आठवावे. चिकटवायच्या टिकलीमुळे कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. तिथे दोष टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा असतो. पॅचमुळे गेलेला रंगही संसर्गजन्य नाही, शरीराला अपायकारक नाही. पण सहसा परतत नाही. आणि मुलगी असेल तर ‘कोड आहे का हो?’ हा प्रश्न तिला आयुष्यभर छळू शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा उजेडात खुबे नीट पाहावेत, केवळ पॅचची जागाच नव्हे. फिकट ठिपका दिसला की ‘ऊन कमी लागले असेल’ म्हणू नये.

प्रौढांना शेजारी बसून विचारणारे कोणी नसते. कामाचा ताण, दिवसाला पाच चहा आणि वर हे औषध, यातली धडधड नेमकी कशाची हे ओळखणे कठीण. नाडी आणि रक्तदाब नियमित मोजणे, चहा-कॉफी आवरणे, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा जुना त्रास डॉक्टरांपासून न लपवणे, एवढे तरी व्हायलाच हवे.

प्रवासाचेही पाहा. मिथाइलफेनिडेट भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते आणि औषधांच्या ‘एक्स’ अनुसूचीत आहे; इथल्या दुकानदाराला चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षे जपावी लागते. येताना मूळ वेष्टन आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. पॅच संपला म्हणून कुणाच्या मुलाची गोळी उसनी घेऊ नये. इथे काही विचारायचे असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे.

राहिला वापरून झालेला पॅच. त्यात अर्ध्याहून अधिक औषध शिल्लक असते. कुंडाच्या पायरीवर किंवा लॉजच्या न्हाणीत पडलेला पॅच एखाद्या रांगत्या मुलाच्या तळव्याला सहज चिकटेल. काढल्या काढल्या चिकट बाजू आत घेऊन तो घडी करावा आणि झाकणाच्या डब्यात टाकावा. डबा आजीच्या ताब्यात दिला तरी चालेल.