सीमा श्रमावर टिकते

सीमारक्षण म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो बंदूकधारी जवान. तो राहिलाच पाहिजे. परंतु त्या जवानापर्यंत शिधा आणि दारूगोळा नेणारा रस्ता कोणी खोदला, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. लडाखचा इतिहास आपण लढायांचा म्हणून वाचतो. तो श्रमाचाही इतिहास आहे, आणि नेमके तेच पान आपण कोरे ठेवले आहे.

१९४८ साली पाकिस्तानी आक्रमक लेहच्या दिशेने सरकत असताना अभियंता सोनम नोर्बू यांनी स्थानिकांच्या साह्याने तेथे धावपट्टी सिद्ध केली. मे महिन्यात एअर कमोडोर मेहरसिंग यांचे डाकोटा विमान तिच्यावर उतरले आणि लेहला कुमक मिळू शकली. लडाखी माणसाचे फावडे त्या दिवशी तोफेइतकेच मोलाचे ठरले.

या अनुभवापासून दिल्ली काय शिकली? चीनने १९५७ पर्यंत अक्साई चीनमधून मोटाररस्ता पूर्ण केला, आणि आपली सीमा सडक संघटना जन्माला आली ती १९६० साली! जेथे गवताचे पातेही उगवत नाही अशी ती भूमी, हे समर्थन संसदेतच ऐकवले गेले. या उदासीनतेची किंमत १९६२ मध्ये रेझांग ला येथील जवानांनी प्राण देऊन चुकवली. त्याच ओसाड म्हटल्या गेलेल्या पठाराच्या अलीकडे, चांगथांगमध्ये, चांगपा मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या पश्मिना शेळ्या चारीत आले आहेत. त्यांची कुरणे हा आपल्या वहिवाटीचा जिवंत पुरावा आहे. शालीला नाव मात्र काश्मीरचे!

पुढे चित्र पालटले, हे निःसंशय. दार्बुक ते दौलत बेग ओल्डी हा २५५ किलोमीटरचा रस्ता २०१९ मध्ये सिद्ध झाला. त्याचा अभिमान बाळगावाच. पण असे रस्ते बांधणाऱ्यांत झारखंडच्या संथाल परगण्यातील हजारो मजूर असतात, हे किती घरांत ठाऊक आहे? मे २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या ६० मजुरांना लेहहून विमानाने रांचीला आणावे लागले. जूनमध्ये गलवान खोऱ्यात २० जवानांना वीरमरण आले. त्याच महिन्यात दुमकाहून मजुरांची विशेष रेल्वेगाडी पुन्हा सीमेच्या कामावर निघाली. मजुरी मध्यस्थाच्या हाती न पडता थेट बँक खात्यात जमा व्हावी, एवढी साधी गोष्टही तेव्हा मागून घ्यावी लागली. राष्ट्रकार्याला जुंपलेल्या हातांवर ही वेळ यावी, हे कोणत्या राष्ट्रभक्तीत बसते?

लडाखींच्या राजकीय आकांक्षेचीही अशीच उपेक्षा झाली. केंद्रशासित दर्जासाठी १९८९ मध्ये आंदोलन पेटले. लेहला स्वायत्त पर्वतीय परिषद १९९५ मध्ये मिळाली आणि केंद्रशासित दर्जा २०१९ मध्ये. विधानसभा मात्र नाही. जमीन आणि रोजगार यांच्या संरक्षणाची मागणी त्यानंतर लेह व कारगिल दोन्हीकडून उठली. तिच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांनी १९४८ ची धावपट्टी आठवावी.

जवानाच्या स्मारकाशेजारी मजुरांची नावे कोरली जावीत. वृद्ध कामगारांच्या आणि मेंढपाळांच्या आठवणी ते हयात आहेत तोवर नोंदवून घेतल्या जाव्यात. लडाखी तरुणाला आपल्या भूमीत सन्मानाचे काम मिळावे. यातले काहीच न करता १५ ऑगस्टला केलेला सीमेचा जयघोष पोकळच राहील.